चालू आहे, पण

विकायला काढलेली वस्तू घरातच कशी ठेवावी, हे शिकवणारा आमच्या साडूंसारखा गुरू अख्ख्या नाशकात मिळाला नसता. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. अंबडच्या एका कारखान्यात ते तयार माल तपासायचे. चांगल्या दिसणाऱ्या वस्तूतली खोट शोधायची, याचाच त्यांना पगार मिळायचा, आणि घरी आल्यावर हेच काम ते फुकट करायचे. लग्नाच्या पंगतीत आचारी समोर आला की हे म्हणणार, जिलबी छान झालीय, पण मठ्ठ्यात मीठ जास्त पडलंय. स्वतःची स्कूटर विकायला काढली, तेव्हा घ्यायला आलेल्या माणसाच्या मागे बसून पाथर्डी फाट्यापर्यंत गेले आणि कुठल्या खड्ड्यात कुठून आवाज येतो ते त्याला वाटभर ऐकवत राहिले. तो बिचारा स्कूटर फाट्यावरच लावून रिक्षाने घरी गेला. साडू परत आले ते समाधानाने. म्हणाले, बरं झालं, वेळेवर कळलं त्याला.

अशा माणसाकडे मी आमचा व्हिडिओ गेम विकायचं काम दिलं. माझी अक्कल तेव्हा शेण खायला गेली होती, दुसरं काय. मुलीचं बारावीचं वर्ष तोंडावर आलं होतं, आणि बारावी आणि व्हिडिओ गेम एका छपराखाली नांदणार नाहीत, असं मी घरात जाहीर करून टाकलं होतं. चांगली चालणारी वस्तू फेकून द्यायला जीव होत नव्हता. जुन्या वस्तू इंटरनेटवर विकता येतात असं नुकतंच कानावर यायला लागलं होतं आणि आमच्या सगळ्या नात्यात इंटरनेट होतं ते फक्त साडूंकडे. तिथे बाकीचे लोक काय लिहायचे? नव्यासारखा. एका शब्दात विषय संपला. पण साडूंनी आमच्या घरी येऊन एकेक सीडी ट्यूबलाइटखाली तिरकी धरून, तांदळातले खडे बघावेत तशी पाहिली आणि चांगलं पान भरून लिहिलं. मोटारींच्या शर्यतीचा खेळ: चालू आहे, पण तिसऱ्या वळणावर गाडी थांबते; सीडी काढून पुसली की पुढे जाते, तोवर शर्यत हरलेली असते. मारामारीचा खेळ: चालू आहे, पण डबी दुसऱ्याच खेळाची आहे. रिमोट: चालू आहे, पण त्यावर एकदा चहा सांडला आहे आणि त्यात साखर होती. मशीन: चालू आहे, पण रागाच्या भरात एकदा दिवाणावर आपटलेलं आहे, आपटणारे गृहस्थ मुलीचे वडील.

हे सगळ्या जगाला वाचायला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बरं, एवढं वाचूनही एखाद्याचा फोन आलाच, तर लिहायचे राहिलेले दोष साडू त्याला तोंडी सांगायचे. सिन्नरचा एक जण तर घरातून निघालाच होता. त्याला यांनी सांगितलं की आवाज मधूनच खरखरतो, उगाच गाडीभाडं घालवू नका, आधी नीट विचार करा. त्याने विचार केला आणि तो घरीच बसला. इकडे आमची कन्या रोज संध्याकाळी मोटारी पळवतेय. मी ओरडलो तर डोळे टीव्हीवरच ठेवून म्हणाली, "बाबा, बंद ठेवला तर खराब होईल. मग काका तेही लिहितील."

शेवटी एका रविवारी मी साडूंच्या घरी गेलो आणि तोंडाचा पट्टा सोडला. म्हटलं, पोरीचं वर्ष वाया गेलं तर तेही लिहा तुमच्या जाहिरातीत. ते शांतपणे ऐकत होते. मी दमलो तेव्हा म्हणाले, "कुणीतरी एसटीत बसून लांबून येणार. घरी पोरं वाट बघत असणार. लावल्या लावल्या गाडी थांबली, तर त्या बापाचं तोंड कसं होईल, ते मला इथूनच दिसतं."

"असल्या वर्णनावर आजवर काही खपलंय का या जगात?" मी विचारलं.

माझी मेहुणी, म्हणजे आमच्या ताई, बाजूला कोथिंबीर निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तुम्ही खपलात की."

मग सगळं बाहेर आलं. माझं स्थळ सांगून गेलं तेव्हा सासऱ्यांनी चौकशीला थोरल्या जावयाला, म्हणजे यांनाच पाठवलं होतं. बाकीच्या स्थळांबद्दल मध्यस्थ सांगायचे की मुलगा अगदी सोन्यासारखा आहे. हे मात्र माझ्या गल्लीत चार घरं हिंडून आले आणि माझ्या होणाऱ्या बायकोसमोर बसून म्हणाले, मुलगा संतापी आहे, बोलायला लागला की थांबत नाही, भाजीत मीठ कमी पडलं तर शेजाऱ्यांना ऐकू जातं. पण राग उतरला की माफी मागायची लाज वाटते म्हणून स्वतः उठून सगळ्यांना चहा करून देतो. ताई म्हणाल्या, "तिने ऐकलं आणि म्हणाली, हाच. याच्यात पुढे काय निघणार ते निदान ठाऊक आहे."

अंगाचा नुसता तिळपापड झाला माझ्या. इतकी वर्षं मी समजत होतो की माझी नोकरी आणि माझा भांग बघून होकार आला. घरी येताना रस्ताभर धुमसत होतो. आणि मग लक्षात आलं, की सगळ्या वस्तूंचं चांगलं आधी आणि 'पण' नंतर सांगणाऱ्या या माणसाने माझ्या वेळी तेवढं उलटं केलं होतं. त्यामुळे तर मला जास्तच चिडायला झालं, कारण आता भांडायला तोंड उरलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात सटाण्याचे एक शिक्षक आले. जाहिरातीचा कागद छापून आणला होता. मशीन लावूनसुद्धा बघितलं नाही. म्हणाले, एवढं सांगणारा माणूस आणखी काय लपवणार? साडूंनी सीडी पुसायचा मऊ फडका घडी घालून त्यांच्या पिशवीत ठेवला. मुलीने दोन दिवस तोंड फुगवलं आणि मग पुस्तक उघडलं.

साडू जाऊन आता बरीच वर्षं झाली. शेवटच्या आजारपणात भेटायला गेलो होतो. कसे आहात म्हणून विचारलं, तर म्हणाले, "चालू आहे." मी पुढच्या 'पण'ची वाट बघत बसलो. त्यांनी तो उच्चारलाच नाही. माझ्या मुलीचं कसं चाललंय ते विचारत राहिले. साध्या रिमोटवरचा चहासुद्धा जगाला सांगणाऱ्या माणसाने आयुष्यात एकदाच खोट लपवली, आणि तीही माझ्यापासून. याचा मला अजून राग येतो.

परवा ते आठवून असाच उगाच सगळ्यांवर डाफरलो आणि मग उठून चहा टाकला. बायको स्वयंपाकघरात आली. म्हणाली, "आज कुणावर?"

"तुझ्या दाजींवर," मी म्हटलं.

तिने फडताळातून कप काढले आणि माझ्या शेजारी उभी राहिली.