गुंडाळलेले पाईप

जीपचा ब्रेक गेला तो घाटात नव्हे, राजेंद्र नगरातल्या आमच्या फाटकात. बाबा गाडी मागे घेत होते. त्यांनी ब्रेकवर पाय दिला आणि पेडल तळापर्यंत गेलं. हँडब्रेक ओढेपर्यंत मागचा बंपर समोरच्या घराच्या ओट्याला टेकला होता. ओट्यावर कोणी नव्हतं. एक कुंडी फुटली. फाटकापासून ओट्यापर्यंत ब्रेक ऑइलची रेघ उमटली.

धाकटा भाऊ संध्याकाळी आला. त्याने रेघ पाहिली, कुंडी पाहिली आणि बाबांना ऐकू जाईल अशा आवाजात मला म्हणाला, "ताई, आता बस झालं. हेच घाटात झालं असतं तर? मी कबाड्याशी बोलतो, भंगारात देऊन टाकू."

घाट म्हणजे खंडवा रोडवरचा. तो उतरल्यावर, चोरलच्या अलीकडे, बाबांची सीताफळांची लहानशी बाग आहे. शेवटचा रस्ता ओढ्याच्या पात्रातून जातो. भावाची कार तिथे एकदा पोटावर बसली, त्यानंतर त्याने ती नेली नाही. मिल बंद पडल्यापासून बाबांचा रविवार या बागेत जातो. जीप गेली की बाग गेली, हे तिघांनाही कळत होतं.

मी भावाला म्हटलं, "मला येत्या रविवारपर्यंत वेळ दे. ब्रेकचे सगळे पाईप नवे घालते. मग घाटात तूच चालव. ब्रेक लागला नाही तर कबाड्याला मीच फोन करीन."

"तू घालणार? मिस्त्री मेले काय?"

"मिस्त्री फुटलेला तेवढाच तुकडा बदलतो. बाकीचे तसेच राहतात."

त्याने मुदत दिली.

चाकांना दगड लावले, जीप जॅकने उचलून लोखंडी घोड्यांवर ठेवली आणि मी खाली गेले. चासीच्या कडेने जाणारा एकही पाईप दिसत नव्हता. सगळे गुंडाळलेले होते. कापडाची पट्टी, तिच्यावर सुतळीचे सारख्या अंतराचे वेढे, त्यावर काळा रंग. हे बाबांचं काम. परदेशीपुऱ्यातल्या मिलमध्ये ते बॉयलरवर होते. तिथे वाफेचा प्रत्येक पाईप असाच गुंडाळलेला असे. उघडा पाईप म्हणजे कामचुकार माणूस, अशी तिथली समजूत होती. ती सवय घेऊन ते घरी आले. आमच्या गच्चीवरचा पाण्याचा पाईप गुंडाळलेला आहे, स्कूटरची क्लच केबल गुंडाळलेली होती. जीप घेतली तेव्हा आधी तिचे ब्रेकचे पाईप गुंडाळले गेले. ओढ्यातले दगड लागू नयेत म्हणून.

सुरीने पट्टी चिरली. आतलं कापड ओलं होतं. त्याच्याबरोबर गंजाचे पापुद्रे सुटून माझ्या चष्म्यावर पडले. दोन ठिकाणी पाईप नखाने दबत होता.

"काय दिसतंय?" बाबांनी विचारलं. त्यांचे गुडघे पूर्ण वाकत नाहीत, त्यामुळे ते पुढच्या चाकाजवळ स्टूल टाकून बसले होते.

"सगळे बदलायचे," मी म्हटलं.

मागच्या अ‍ॅक्सलचा नट सुटेना. पाना फिरवला की नटाबरोबर पाईपही पिळत होता. तेल सोडून ठेवलं, हातोडीने ठोकून पाहिलं, शेवटी पाईप नटाजवळ कापला आणि वरून सॉकेट घातला. मग तो निघाला. दुसऱ्या दिवशी मी जुने तुकडे मापाला घेऊन परदेशीपुऱ्यात गेले. दुकानदाराने ते उलटेसुलटे करून पाहिले.

"दीदी, मिस्त्री को भेज देतीं."

"मिस्त्री ही आई है, भिया."

त्याने काउंटरवर पाईपचं वेटोळं ठेवलं, नट मोजून दिले आणि टोकं फुलवण्याचा साचाही भाड्याने दिला. पाईपचं टोक आधी बाहेर फुलवायचं, मग तीच कड आत दुमडायची. नट आवळला की ही दुहेरी कड घट्ट बसते आणि तेल बाहेर येत नाही. पहिलं टोक मनासारखं जमलं. मी ते बाबांच्या हातात दिलं. त्यांनी कडेवरून अंगठा फिरवला.

"छान. नट घातला का आधी?"

नट आधी घालायचा असतो. फुललेल्या टोकावरून तो जात नाही. मी टोक कापलं आणि पुन्हा सुरुवात केली. बाबा हसले नाहीत, पण स्टूल हललं.

पाईप बसायला लागले तेव्हा ते आत जाऊन एक पिशवी घेऊन आले. पिशवीत जुन्या चादरीच्या फाडलेल्या पट्ट्या होत्या, एकसारख्या रुंदीच्या, गुंडाळ्या करून ठेवलेल्या. बरोबर सुतळी.

"मी सांगतो तसं गुंडाळ."

"नाही, बाबा."

"ओढ्यात दगड उडतो. उघडा पाईप म्हणजे गया काम से."

"गुंडाळलेलाच गेलाय."

"अख्खी मिल अशी चालली, बेटा. तू मला पाईप शिकवणार?"

वाद घालून ते ऐकणार नव्हते. मी वर्तमानपत्राचं एक पान त्यांच्यासमोर पसरलं आणि त्यावर जुन्या पाईपचे दोन तुकडे ठेवले. एक गुंडाळलेल्या भागातला. दुसरा गिअरबॉक्सच्या मागचा, जिथे त्यांचा हात पोचला नव्हता, म्हणून उघडा राहिलेला. दोन्ही एकाच पाईपचे. पहिला हातात घेताच तुटला. दुसऱ्यावर कंपनीचा मूळ रंग होता.

बाबांनी दुसरा तुकडा किल्लीने खरवडला. खाली पांढरं, चकचकीत लोखंड निघालं. त्यांनी तो उजेडात धरला, पुन्हा खरवडला.

"मिलमध्ये कधी असं झालं नाही."

"मिलमधला पाईप तापायचा, बाबा."

त्यांनी दोन्ही तुकडे पुन्हा शेजारी ठेवले. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "आतून वाळायचं. खरं आहे. हा थंड. पाणी शिरलं की शिरलं." पट्ट्या त्यांनी परत पिशवीत भरल्या. पिशवी बंद करून म्हणाले, "मग चासीच्या आतल्या अंगाने ने. दगड लोखंडाला लागू दे. आणि क्लिपा जवळजवळ मार. लोंबता पाईप मला नको."

मी बसवलेला लांब पाईप काढला आणि आतल्या अंगाने पुन्हा नेला. त्यांचं म्हणणं बरोबर होतं.

पाईपांत अडकलेली हवा काढताना जीप जमिनीवर उतरवली. बाबा सीटवर, मी चाकाशी, नळीचं टोक तेलाच्या बाटलीत.

"दाबा."

"दाबलं."

"धरून ठेवा."

"धरलंय ना! तू सोड तिकडे."

बुडबुडे यायचे थांबले. पेडल मधेच कडक झालं. मग मी प्रत्येक जोडाखाली वर्तमानपत्राची पानं पसरली. सकाळी ती कोरडी होती.

रविवारी भाऊ आला आणि स्टिअरिंगवर बसला. बाबा त्याच्या शेजारी, मी मागे. घाट सुरू झाल्यावर तो प्रत्येक वळणाआधी पेडल दोनदा मारत होता.

"दोनदा कशाला मारतोस?" बाबा म्हणाले. "हातपंप आहे का तो? एकदाच दाब."

"जान प्यारी आहे, बाबा."

एका वळणावर पुढचा लोड ट्रक अचानक थांबला. भावाला दोनदा मारायला वेळ मिळाला नाही. जीप सरळ रेषेत थांबली. ट्रक आणि आमच्यामध्ये एक माणूस सहज चालत गेला असता. भावाने पाय काढला नाही. पेडल खाली सरकतंय का, हे तो पाहत होता. ट्रक निघाला.

"लागतो," तो म्हणाला. त्यानंतर त्याने एकदाच दाबलं.

बागेत पोचल्यावर बाबांनी जीपखाली कागद पसरायला लावला. आम्ही सीताफळं उतरवली, पेट्यांत भरली. पेट्या बांधायला बाबांनी पिशवीतली सुतळी काढली. मग मी गाडीखाली जायला वाकले तर त्यांनी मला थांबवलं.

"तू नाही. तुझं काम तू कसं तपासशील?"

मी वर्तमानपत्रात होते तेव्हा डेस्कवरही हाच नियम होता, आपली बातमी दुसऱ्याने तपासायची. भाऊ पांढऱ्या शर्टानिशी खाली गेला. प्रत्येक जोडावर बोट फिरवत पुढच्या चाकाजवळून आत शिरला आणि मागून बाहेर आला. पाठीला माती लागली होती. त्याने बोटं बाबांपुढे धरली आणि खालचा कागद ओढून काढला.

"कोरडं आहे. कबाड्याला नाही सांगून टाकतो."

बाबांनी कागद स्वतः उलटसुलट करून पाहिला. मग तो जमिनीवर पसरला आणि एक पिकलेलं सीताफळ फोडलं. बिया आम्ही त्याच कागदावर टाकल्या.