उन्हात वाळवावे

घरात सगळे तिला तंद्री म्हणत, आणि बाई नावाला जागणारी होती. शिवणयंत्रावर बसली की पाय पायडल चालवत राहत आणि मन भलतीकडेच निघून जाई. एकदा तिने शाळेच्या गणवेशाच्या सदऱ्याला तीन बाह्या लावल्या. तिसरी कशासाठी, असं नवऱ्याने विचारलं, तेव्हा तिने आधी बाह्या मोजून पाहिल्या.

अशाच एका तंद्रीत तिला धंदा सुचला. समोर फ्लॅनेलच्या उरलेल्या तुकड्यांचा ढीग होता. दर महिन्याला बायका पॅड वापरून फेकतात, त्यांचाही कुठेतरी असाच ढीग साचत असणार, असं तिच्या मनात आलं. मग धुऊन पुन्हा वापरता येतील अशी का शिवू नयेत? मऊ कापडाचे चार पदर, खाली पाणी न झिरपणारं अस्तर, दोन्ही पंखांना टिचबटण. पहिलं पॅड इतकं देखणं झालं, की जावेने ते उचलून गरम भांडं उतरवायला घेतलं. ते काय आहे हे कळल्यावर जाऊ पोट धरधरून हसली, आणि दुसऱ्या दिवसापासून कात्री घेऊन तिच्यासोबत कापायला बसली.

प्रत्येक पाकिटात एक चिठ्ठी असे. ‘गार पाण्यात धुवावे. उन्हात वाळवावे.’ यातलं दुसरं वाक्य तंद्रीचं भारी लाडकं. यंत्राची घरघर सुरू झाली की तिला गच्च्याच गच्च्या दिसत. गच्च्यांवर दोऱ्या, दोऱ्यांवर निळी, पिवळी, ठिपक्याठिपक्यांची पॅडं वाऱ्यावर हलताहेत, आणि खालून जाणारे लोक एकदा वर बघून आपल्या कामाला निघून जाताहेत. कुणी हसत नाही, कुणी मान खाली घालत नाही. त्या गच्च्यांवरून ती तासन् तास हिंडत असे.

आणि तिची स्वतःची गच्ची? तिथे ऊन अकरापर्यंतच असे. मग पलीकडची उंच इमारत ते अडवी. नेमक्या त्याच वेळात सासरे दोरीशेजारी खुर्ची टाकून वर्तमानपत्र वाचत. घड्याळदुरुस्तीत जन्म गेलेला हा माणूस शब्दही मोजूनमापून वापरी. त्यांच्यासमोर ही वाळत घालायची? शक्यच नव्हतं. त्यामुळे साऱ्या जगाच्या गच्च्या सजवणारी ही बाई आपली पॅडं मात्र न्हाणीघराच्या दाराआड, खिळ्याला, वर टॉवेल टाकून वाळवत होती. आधी साध्या कापडाच्या घड्या, आता ही पॅडं; लग्नापासून बावीस वर्षं तोच खिळा. तिला त्यात काही वावगंही वाटलं नव्हतं.

मुलींच्या वसतिगृहाच्या रेक्टरबाईंनी वीस पाकिटं घेतली. पसंत पडली तर सगळ्या वसतिगृहाला घेऊ, म्हणाल्या. तसं झालं तर गणवेश शिवणं सोडून हाच धंदा करता येणार होता. महिन्याभराने त्यांनी तंद्रीला बोलावून घेतलं.

“अहो, वास येतो म्हणतात मुली. दोघींना तर पुरळ आलंय.”

“वाळवतात कुठे?”

“कपाटात. एकीने तर बुटात कोंबलं होतं.”

“बाई, उन्हात घालायला हवीत ती!”

रेक्टरबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “इथे माळी आहे, आचारी आहे, वॉचमन आहे. मुली लाजतात. तुम्ही घालता का घरी, सगळ्यांदेखत?”

“घालते की,” तंद्री म्हणून गेली.

“मग तसं सांगून बघते. शनिवारपर्यंत नाही जमलं, तर माल परत न्या.”

घरी येईपर्यंत तिचा चेहरा तापला होता. यंत्रावर बसली, पण मन जागचं हलेना. एकही गच्ची दिसेना. टीप अगदी सरळ आली, आणि तिला त्या टिपेचाही राग आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती धुतलेली पॅडं बादलीत घेऊन गच्चीवर गेली. नेमके तिचे पाळीचे दिवस होते, आता मागे हटणं नव्हतं. सासरे वाचत होते. पहिलं ठिपक्यांचं. दुसऱ्याचा चिमटा हातातून सटकला. तिसरं लावलं आणि सासऱ्यांनी वर्तमानपत्राची घडी केली. ते उठले. खुर्ची उचलली. झालं, तिच्या मनात आलं, आता खाली जाऊन मुलाला सांगणार.

सासरे जिन्याकडे गेलेच नाहीत. त्यांनी खुर्ची पाण्याच्या टाकीपलीकडे नेऊन ठेवली.

“बाबा, तुम्ही कशाला उठलात? मी काढते हवं तर.”

“राहू दे. माझी सावली पडत होती त्यावर.”

ते बसले. पेपर उघडला. आणि पेपराआडूनच बोलले.

“तुझी सासू गादीखाली वाळवायची. सदतीस वर्षं त्याच गादीवर झोपलो मी. तिला सारखा त्रास व्हायचा, औषधं आणून द्यायचो. पण बाहेर उन्हात का घालत नाहीस, हे एकदाही विचारलं नाही.”

तंद्रीला हुंदका आला. गेलेल्या सासूसाठी, की या म्हाताऱ्यासाठी, की स्वतःच्या बावीस वर्षांसाठी, ते तिचं तिला कळेना. उरलेली पॅडं तिने तशीच रडत रडत दोरीवर लावली.

खाली येऊन तिने रेक्टरबाईंना फोन लावला.

“बाई, काल मी खोटं बोलले. मीही दाराआडच वाळवत होते. आज पहिल्यांदा उन्हात घातली. माल परत द्यायचा तर द्या, पण मुलींना हे सांगा.”



“तुम्हीच येऊन सांगा,” रेक्टरबाई म्हणाल्या. “माझ्याच्याने नाही व्हायचं. माझी कापडंही कपाटातच वाळायची.”