कोपरा फाटलेलं पाकीट

पुनावळ्यात दवंडीवाल्याला फारसं काम नसे, कारण गावात तानाबाई होत्या. सकाळी त्यांच्या कानावर पडलेली गोष्ट दुपारच्या आत नदीवर धुणं धुणाऱ्या बायकांपर्यंत पोचलेली असायची. "माझ्या पोटात काय ऱ्हातच न्हाई बया," असं त्या स्वतःच हसत सांगत. अशा बाईने एकोणीसशे सत्तावन्नच्या मे महिन्यात एक गोष्ट सलग सहा दिवस पोटात ठेवली. आणि ठेवली तीही चुकीची!

त्या शनिवारी तानाबाई अंगण सारवत होत्या. टपालवाले सोपानराव आठवड्यातून दोनदा चिंचवडहून सायकलवर येत. त्या दिवशी ते घाईत होते. त्यांनी ओट्यावर एक पाकीट ठेवलं, "टपाल हाय वो!" म्हणून हाक दिली आणि तसेच पुढे गेले. तानाबाईंनी शेणाचे हात धुऊन पाकीट उचललं. पाकिटाचा वरचा कोपरा फाटलेला होता.

कोपरा फाडलेलं पत्र म्हणजे कुणीतरी गेल्याचं पत्र, हे आपल्याकडे निरक्षर माणसालाही कळतं. ते घरात न्यायचं नसतं. बाहेरच वाचायचं, तिथंच फाडायचं आणि डोक्यावरून पाणी घ्यायचं. बातमी कळली की सुतक लागतं. कळेपर्यंत लागत नाही.

तानाबाईंना अक्षरओळख नव्हती, पण हे बरोबर ठाऊक होतं. थोरले दीर सावळाराम महिनाभर मुंबईच्या इस्पितळात पडून होते. इकडे शुक्रवारी त्यांच्या लेकीचं, रंभाचं लग्न होतं. दोनदा मोडता मोडता राहिलेलं ते लग्न. नवरदेवाकडची माणसं निमित्तालाच टेकलेली. भावकीतलं दहा दिवसांचं सुतक म्हणजे त्यांच्या हातात आयतं कोलीत.

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि परसातल्या गोवऱ्यांच्या राशीत पाकीट आत, पार कोपरापर्यंत हात घालून खुपसलं. "दादा, पोरीचं एवढं होऊ द्या," त्या पुटपुटल्या. "मग तुमच्यासाठी पोटभर रडंन."

पण मनाला कोण फसवणार? त्या दिवसापासून तानाबाईंनी देवाला हात लावला नाही. दिवा रंभाला लावायला सांगायच्या. नवरा बाळाजी बाजारातून खण-नारळ घेऊन यायचे आणि ह्या चुलीच्या धुराचं निमित्त करून डोळे पुसायच्या. याच दिराने त्यांच्या मुलाला, ज्योतीरामाला मुंबईला ठेवून मॅट्रिक केलं होतं.

ज्योतीराम आता पिंपरीच्या औषधांच्या कारखान्यात प्रयोगशाळेत होता. जर्मनीतल्या एका विद्यापीठाने त्याला घेण्याचं कबूल केलं होतं. पासपोर्ट झाला होता, पण प्रवेश पक्का झाल्याचं सही-शिक्क्याचं अस्सल पत्र अजून यायचं होतं. ते दाखवल्याशिवाय मुंबईची जर्मन कचेरी व्हिसा देणार नव्हती आणि कचेरीने दिलेली तारीख होती लग्नानंतरचा सोमवार. रोज संध्याकाळी तो सायकल भिंतीला टेकवायच्या आधीच विचारी, "आई, टपाल आलं?"

"न्हाई रं."

त्यांना ते खोटंही वाटत नव्हतं. त्याचं कुठं आलं होतं? आलं होतं ते भलतंच.

गुरुवारी तो जेवता जेवता थांबला. ताटात बोटं फिरवत म्हणाला, "सोमवारी पत्र नसलं की संपलं, आई. जागा दुसऱ्याला देत्यात. पुन्हा मला कोण बोलवतंय?"

तानाबाईंना पोराची दया आली. एकाच घरावर काय काय यावं, असं त्यांना वाटलं. त्यांनी त्याच्या भाकरीवर तूप जास्त वाढलं.

शुक्रवारी मांडवाच्या मागे मोठ्या चुली पेटल्या. शेजारच्या गोजाबाई पाटी घेऊन थेट राशीकडे निघाल्या. तानाबाईंनी मागून हाक मारली.

"गोजाबाई, त्या नगं! वल्या हाईत!"

"कुठल्या वल्या? खडखडीत वाळल्यात की," म्हणत गोजाबाईंनी नेमक्या त्याच कडेने पाटी भरली.

तानाबाई एक पाऊल पुढे गेल्या आणि थांबल्या. जळालं तर जळू दे. मुंबईहून दुसरं पत्र येईल, तोवर पोर सासरी गेलेली असेल. त्यांना सुटल्यासारखं वाटलं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटली.

अक्षता पडल्या. पहिली पंगत बसली. तानाबाई लापशी वाढत सोपानरावांच्या पानापाशी आल्या, तेव्हा सोपानराव समोर पाणी वाढणाऱ्या ज्योतीरामाला विचारत होते, "काय राव, मग जर्मनीला कधी? शनिवारी तुमचं पाकीट ओट्यावर ठिवलं व्हतं. कुणी शौकिनानं वाटेतच परदेशी तिकिटासकट कोपरा फाडून नेला बघा. आतलं पत्र शाबूत हाय ना?"

ज्योतीराम आईकडे बघायला वळला, तर लापशीचं भांडं जमिनीवर होतं आणि आई मांडवाबाहेर.

तानाबाई चुलीपाशी पोचल्या ते हात पसरूनच. आधण उकळत होतं. त्यांनी पेटत्या गोवऱ्या उघड्या हाताने ओढून काढायला सुरुवात केली. गोजाबाई किंचाळल्या. "बाई येडी झाली का काय!" एक गोवरी, दुसरी, तिसरी. नुसता निखारा. तानाबाईंनी वळून पाटी उपडी केली. उरलेल्या चार गोवऱ्या घरंगळल्या आणि शेवटच्या गोवरीला चिकटलेलं पाकीट खाली पडलं.

तोवर ज्योतीराम धावत आला. त्याने ते फोडलं. एका कडेला शेणाचा डाग होता. खालची सही आणि शिक्का जसाच्या तसा होता. तो मटकन खाली बसला.

"सुटलो, आई. व्हिसाचं काम झालं."

"आन् दादा? दादांचं काय लिवलंय त्यात?"

त्याला आधी काही कळेना. मग फाटलेला कोपरा दिसला, आईचे सुजलेले डोळे दिसले आणि सगळं कळलं. त्याने तिचा भाजलेला हात पाण्याच्या घंगाळात धरला.

"मुंबईचं न्हाईच हे पत्र. कुणी गेलं न्हाई, आई. कुणीसुदीक न्हाई."

सहा दिवसांचं दाबलेलं रडणं तानाबाईंना एकदम आवरेना. मांडवात रंभाची ओटी भरायची तयारी चालली होती. संध्याकाळी ती निघणार होती.

"कुणी न्हाई कसं?" त्या म्हणाल्या. "ती आज चालली. तू बी निघालास की."

मग त्यांनी डोळे पुसले, धड असलेल्या हाताने त्याच्याकडून पत्र घेतलं, उंबरा ओलांडून ते घरात नेलं आणि देवापुढे ठेवलं.