पडलेल्या माणसाचे हात

पडलेल्या माणसाचे हात माझ्या थोरल्या नणंदेइतक्या कुतूहलानं जगात दुसरं कोणी बघत नसेल. टीव्हीवर बॉक्सिंग असो की फुटबॉल, कोणी डोक्याला मार लागून कोसळला की आम्ही ‘आई गं’ म्हणून डोळे मिटतो आणि वन्सं पडद्याला नाक लावतात. ‘मागे घे, मागे घे! डावा हात बघ, कसा काठीसारखा ताठ झालाय!’ पानातला भात निवतो, पण तो हात पुन्हा पुन्हा बघितला जातो. लग्नात एखादा पाहुणा डॉक्टर आहे असं कळायचा अवकाश, अक्षता मुठीत धरूनच त्या त्याला गाठतात. एकदा तर दाताच्या डॉक्टरांना त्यांनी पंगतीत जिलबी गिळू दिली नव्हती.

याला कारण होतं. तरुणपणी वन्सं लालबागच्या एका मंडळाकडून कबड्डी खेळायच्या. अंतिम सामन्यात चढाई करताना समोरचीचा गुडघा कानशिलावर बसला आणि त्या मातीत उताण्या पडल्या. शुद्ध नव्हती, पण उजवा हात ताठ वर गेला आणि तसाच राहिला. लोकांना वाटलं, पोरीनं गुण मागितला! शिट्ट्याच शिट्ट्या. तोंडावर पाणी मारून त्यांना पुन्हा उभं केलं आणि संघ जिंकला. त्यातलं वन्संना काहीही आठवत नाही. पुढे कित्येक महिने डोकं ठणकायचं, उजेड सोसायचा नाही. खेळ सुटला तो सुटलाच. सासूबाई म्हणत, ‘देवानच तुझो हात वर केल्यान गो.’ वन्संचं तेवढ्यावर समाधान होईना.

शेवटी शीवच्या एका डॉक्टरांनी समजावलं. दणक्यानं डोकं गर्रकन फिरतं, आत मेंदूलाही पीळ बसतो, त्याच्या देठाला हिसका बसतो आणि हात आपल्या हुकमात राहत नाहीत. तान्ह्या बाळाचंही असंच काहीसं होतं म्हणे. माझ्या मुलाच्या बारशाला बायका नाव कानात सांगायला वाकलेल्या, आणि वन्सं पाळण्याच्या एका बाजूला खुळखुळा वाजवतायत. बाळानं मान वळवली, त्या बाजूचा हात लांब केला. ‘बघ, बघ! मोठेपणी मेंदू हे झाकून ठेवतो गं, दणका बसला की पुन्हा उघडं पडतं,’ त्या आनंदानं ओरडल्या. नाव राहिलं बाजूला, सगळ्याजणी हातच बघत बसल्या.

गेल्या वर्षी परळच्या मैदानात त्यांच्याच जुन्या मंडळाच्या मुलींचा अंतिम सामना होता. मीही सोबत होते. आमची सगळ्यात तेज चढाईपटू पकडीत डोक्यावर आपटली आणि तिचे दोन्ही हात हवेत ताठ झाले. लोक टाळ्या वाजवायला लागले. मी बाजूला बघते तर वन्संची खुर्ची रिकामी. साडी खोचून त्या थेट मॅटवर जाऊन मुलीशेजारी बसल्या होत्या.

‘मान हलवू नका कोणी तिची! ॲम्ब्युलन्स बोलवा.’

तोवर मुलीनं डोळे उघडले. ‘मी ठीक आहे,’ ती पुटपुटली.

‘ताई, उठते आहे ती. थोडाच खेळ राहिलाय,’ प्रशिक्षक काकुळतीला आला.

‘ते हात तिनं वर केले नाहीत रे. आपोआप गेले. ही आज खेळणार नाही. खेळवायची असेल तर आधी मला इथून उचल.’

वन्संना उचलायची कोणाची छाती होती! पंचांनीही मान डोलावली. मुलगी हॉस्पिटलात गेली, सामना हातचा गेला. मुलगी थोडक्यात बचावली, असं डॉक्टर म्हणाले. लगेच दुसरा मार बसला असता तर काय झालं असतं, ते त्यांनी बोलून दाखवलं नाही. मंडळानं मात्र वन्संना वार्षिक सभेचं बोलावणं पाठवणं बंद केलं.

परवा आम्ही लालबागच्या बाजारात मसाला घेत होतो. समोरून तीच मुलगी आली. तिनं वन्संना ओळखलं, आणि मान फिरवून निघून गेली. मला फार लागलं.

‘हाक मारू का तिला?’ मी विचारलं.

‘नको.’ वन्सं गर्दीतून तिच्या पाठीकडे बघत होत्या, ती दिसेनाशी होईपर्यंत. मग हळूच म्हणाल्या, ‘चाल बघितलीस? एकदम सरळ आहे.’