पहिली पंगत

गेल्या साली उसाचा पाला काढताना एक पान सपकन डोळ्यात लागलं. पाण्यानं डोळा धुतला, मेडिकलमधनं कसलेतरी थेंब आणून घातले आणि पुन्हा फडात शिरलो. आमच्याकडं सगळे असंच करतात. थोड्याच दिवसांत बुबुळावर पांढरा ठिपका आला. कोल्हापूरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ही बुरशी आहे आणि तुमच्या थेंबांनीच ती फोफावली. मग तासातासाला औषध, तेही महिनोन्‌महिने. बुरशी गेली, पण डोळ्यात फूल पडलं ते पडलंच.

"एक डोळा हाय की अजून," असं जो तो म्हणतो. ऐकून ऐकून कान किटले. एका डोळ्याला अंतर कळत नाही, हे कुणाकुणाला सांगत बसू? चहा कपाबाहेर ओततो. पायरी वाटते तिथं नसते.

जत्रेला घरी पाहुणे आले. तांबडा रस्सा वाढायचं काम मिसरूड फुटल्यापासून माझंच. यंदाही बादली उचलली, आणि पहिलीच पळी वाटी सोडून मेव्हण्याच्या हातावर गेली. तो बिचारा हात झटकून हसला. थोरल्या भावानं गुमान माझ्या हातातली बादली घेतली. वहिनी म्हणाली, "भावजी, तुमी बसून घ्या की."

बसलो पाहुण्यांच्या मधे. आमच्यात घरची माणसं सगळ्यांच्या शेवटी जेवतात. यंदा मी पहिल्या पंगतीला जेवलो.