उरल्याचे काळे पतंग

उत्क्रांती जीवशास्त्रात पीएचडी करायची आहे, असं मी घरी सांगितलं तेव्हा बाबा जेवत होते. ते उरला औद्योगिक वसाहतीतल्या एका रोलिंग मिलमध्ये फिटर आहेत. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे मला काय विचारावं ते त्यांना कळत नसे, आणि त्यांना काय सांगावं ते मला.

"किती वर्षं?"

"पाच. सहाही लागतात."

"मंग नोकरी?"

"मग पोस्टडॉक करतात. दोन-तीन वर्षांचं काम. ते संपलं की दुसऱ्या गावी आणखी एक."

"अन् परमनंट?"

"लागलं तर लागलं."

बाबांचा घास हातातच राहिला. "हे तं आमच्या ठेकेदारीवानीच झालं."

आई हसली. शेवटी ठरलं की एकदा मुलाखत देऊन पाहायची. नाही जमलं, तर बी.एड. करून शाळेत लागायचं.

मग बाबांनी, बहुधा मला बरं वाटावं म्हणून, विचारलं की हे शिकून राहिली म्हणजे नेमकं काय. मी एम.एस्सी.च्या पुस्तकातली इंग्लंडमधली गोष्ट सांगितली. कारखान्यांच्या धुरानं झाडं काळी पडली. त्यांवर बसलेले फिके पतंग पक्ष्यांना दिसू लागले आणि खाल्ले गेले. काळे वाचले, त्यांची पिल्लं काळी झाली, आणि काळेच वाढत गेले.

"हे आमच्याकडं बी हाये न," बाबा म्हणाले. "गेटच्या लाइटखाली भिंतीले चिपकून राहतात. काळेकुट्ट."

नाइट शिफ्ट करून ते सकाळी आले, तर जेवणाच्या डब्यात पतंग होते. खरंच काळे. मला इतका आनंद झाला की पीएचडीच्या अर्जात मी लिहून टाकलं, औद्योगिक भागातल्या काळ्या पतंगांवर काम करते आहे. मुलाखतीचं बोलावणं आलं. बाबांनी ते साऱ्या मिलमध्ये सांगितलं. गेटवरचे चौकीदार भैया मला पाहिलं की विचारायचे, "दीदी, हमारे पतंगे पास हुए?"

त्यानंतर मी एक पतंग कॉलेजच्या मायक्रोस्कोपखाली नीट पाहिला. पंखावर काहीतरी चमकत होतं. मऊ ब्रश स्पिरिटमध्ये बुडवून अलगद फिरवला, आणि ब्रश काळा झाला. खाली साधा तपकिरी पंख होता. आई रोज खिडकीवरून पुसते ती मिलची धूळ, तीच ही.

घरी येऊन बाबांना सांगितलं. 

"पण तू धुतलंच काहून?"

"ते काळे नव्हतेच, बाबा."

"ते आता कळलं. फॉर्मात लिहून देल्लं त्याचं काय?"

 त्यात आणखी एक शंका त्रास देऊ लागली. पंखांवर रंगाचे बारीक खवले असतात. धुळीबरोबर मी पतंगाचा खरा रंगच तर पुसला नसेल? डब्यातल्या एका मादीनं अंडी घातली होती. ती मी वाढवायला घेतली. स्वच्छ खोक्यात वाढून जे निघेल, तो खरा रंग. सुरवंट एरंडाची पानं खायचे. बाबा ड्यूटीवरून येताना मिलच्या मागून पानं तोडून आणायचे आणि स्वतःच नळाखाली धुवायचे.

"आता धुतलेलं चालतं का तुम्हाला?" मी विचारलं.

"पानं धुवाच लागतात," ते म्हणाले.

मुलाखत मोबाइलवर होती. मोबाइल तांदळाच्या डब्याला टेकवला. समोर दोन सर आणि एक मॅडम. बाबा कॅमेऱ्यात दिसणार नाहीत असे पलंगाच्या टोकाला बसले, इस्त्रीचा शर्ट घालून. एका सरांनी पहिलाच प्रश्न काळ्या पतंगांचा विचारला.

पाठ केलेलं इंग्रजी तिथेच संपलं. मी हिंदीत म्हणाले, "सर, वे काले नहीं थे। मैले थे। मैंने धोकर देखा।"

 सर म्हणाले, "धोया क्यों?"

"मी बी तेच इचारलं होतं," पलंगावरून आवाज आला.

मॅडमना मराठी येत असावी. त्यांना हसू आवरेना.  हसू ओसरल्यावर त्यांनीच विचारलं, धुताना रंगाचे खवलेही गेले नसतील कशावरून?

"नाही सांगता येत," मी म्हणाले. मग उठून खोकं आणलं आणि कॅमेऱ्यासमोर धरलं. "यात पिल्लं आहेत. अजून कोषात आहेत. निघाली की कळेल."

पुढचा सगळा वेळ त्या खोक्यावरच बोलणं झालं. पानं कोणती, धूळ शिरू नये म्हणून काय करते, एकच मादी पुरेल का. शेवटी मॅडम म्हणाल्या, जे निघेल ते कळव.

पतंग आधी निघाले. सगळे तपकिरी. मी मॅडमना मेल केला. निवडीचं पत्र नंतर आलं. आईनं ते देवापुढे ठेवायला म्हणून प्रिंट काढून आणायला लावलं, आणि बी.एड.चा विषय पुन्हा निघाला नाही.

त्या संध्याकाळी बाबा ड्यूटीवर जाताना मला गेटपर्यंत घेऊन गेले. मोबाइलमधला पतंगाचा फोटो त्यांनी चौकीदार भैयांना दाखवला. भैयांनी तो जवळ धरून, लांब धरून पाहिला.

"ये हमारा नहीं है। ये तो साफ है।"

"हमारा ही है," बाबा म्हणाले. "बस, अभी ड्यूटी पे नहीं आया।"