पाणी दाराकडे येत होतं

बादलीभर पाणी ओतलं आणि ते जाळीकडे जायचं सोडून दाराकडे निघालं. माझ्या चपलेपर्यंत आलं, दाराजवळच्या कोपऱ्यात साचलं आणि तिथेच थांबलं.

माझ्यामागे प्रसाद उभा होता. घरमालकांचा मुलगा, बँकेत नोकरीला. त्याने विचारलं, "आहेर सर, हे असंच असतं का? म्हणजे नंतर सेट होतं?"

"नाही," मी म्हणालो. "सॉरी. चूक माझी आहे."

खरं म्हणजे काय चुकलंय ते मला कळलेलं नव्हतं. पण काही बिघडलेलं दिसलं की माझ्या तोंडून आधी सॉरी येतं, विचार नंतर सुरू होतो. बायको म्हणते, तुम्ही सिग्नल लाल झाला तरी मागच्या गाडीवाल्याला सॉरी म्हणाल.

मी सिव्हिलचा डिप्लोमा केलेला माणूस. नाशिकमध्ये घरदुरुस्तीची छोटी कामं घेतो. बंगले बांधत नाही. बाथरूम, किचन ओटा, गच्चीची गळती, असली कामं. "बजेट कमी आहे" हे ज्यांचं पहिलं वाक्य असतं ते लोक माझ्याकडे येतात. त्यांची परिस्थिती मला समजते, कारण माझंही पहिलं वाक्य तेच असतं.

हे घर पंचवटीतलं. प्रसादचे वडील गुरुजी. बाहेरगावाहून येणाऱ्या यजमानांचे विधी करतात, त्यामुळे पुढची खोली कायम पाहुण्यांची. मागे स्वयंपाकघर आणि त्याला लागून खालचं न्हाणीघर. प्रसादच्या आई, ज्यांना घरात सगळे माई म्हणतात, त्या याच न्हाणीघरात घसरून पडल्या होत्या. खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. हॉस्पिटलने सांगितलं होतं की येत्या आठवड्यात घरी सोडू, पण वॉकर घेऊन चालावं लागेल, कमोड हवा, आणि पायाखाली ओलं अजिबात नको. परत पडल्या तर मग अवघड आहे. वरच्या मजल्यावर चांगलं बाथरूम होतं, पण जिना चढणं शक्यच नव्हतं.

म्हणून काम मला मिळालं. प्लॅन साधा होता. न्हाणीघर आणि शेजारचा जुना संडास यांच्यामध्ये एक पातळ भिंत होती. तिच्यावर कसलाही भार नव्हता. ती पाडायची आणि दोन्हींचं एक बाथरूम करायचं. संडासाची जुनी लाईन चांगली होती, तिच्यावरच कमोड बसवायचा. भिंतीवरच्या जुन्या टाइल्स पक्क्या होत्या. त्या न काढता त्यांच्यावरच नव्या चिकटवायच्या. इथे पैसे वाचतात आणि धूळही वाचते. दार बाहेर उघडायचं करायचं, म्हणजे आत कोणी पडलं तर दार अडत नाही. धरायला स्टीलचे दांडे लावायचे. फक्त फरशीत काटकसर करायची नाही. जुनी फरशी पूर्ण काढायची, खाली वॉटरप्रूफिंग करायचं आणि वर न घसरणाऱ्या खरखरीत टाइल्स बसवायच्या. काटकसर करायला माझी हरकत नसते, पण पायाखाली नाही, हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो.

आणखी एक गोष्ट मी पहिल्याच दिवशी सांगितली होती. जुन्या न्हाणीघराची मोरी दाराजवळच्या कोपऱ्यात होती. तिचं पाणी भिंतीतल्या भोकातून थेट मागच्या अंगणात जायचं. ते भोक मी बंद करायला लावलं आणि पाणी जायची जाळी समोरच्या कोपऱ्यात, कमोडच्या पलीकडे घेतली. गुरुजी तेव्हा तिथेच होते. त्यांनी विचारलं, "मोरी बंदच करायची का?" मी म्हणालो, "हो, आता तिचं काम नाही." ते मागच्या अंगणाकडे बघत राहिले.

बाथरूमच्या फरशीला ढाळ द्यावा लागतो. फुटाला पाव इंच उतार, जाळीच्या दिशेने. डोळ्यांना दिसत नाही, पाण्याला मात्र कळतो. त्यासाठी पारदर्शक नळीत पाणी भरून चारही भिंतींवर एका पातळीत पेन्सिलने रेघ मारतात. त्या रेघेपासून खाली मोजून दोरी बांधतात आणि दोरीप्रमाणे मिस्त्री टाइल बसवतो. रेघ मी स्वतः मारली होती. टाइल्स काशिनाथ मिस्त्रींनी बसवल्या. ते पेठ तालुक्यातले, माझ्याकडे बरीच वर्षं आहेत. माझी दुसरी दोन कामं चालू होती, त्यामुळे मी सकाळी येऊन सगळं सांगून जायचो आणि संध्याकाळी परत यायचो.

आणि आता पाणी दाराकडे येत होतं.

"नळीत हवेचा बुडबुडा राहिला असेल," मी प्रसादला म्हणालो. "बुडबुडा असला की पातळी खोटी दाखवते."

"मग आता?"

"फरशी काढू. माझ्या खर्चाने. काशिनाथ, या वेळी नीट बघा, उतार जाळीकडे."

काशिनाथ "बरं" म्हणाले. ते माझ्याकडे बघत नव्हते, भिंतीकडे बघत होते. मला वाटलं, त्यांना माझी लाज वाटतेय.

ताज्या टाइल्स निघाल्या, काही फुटल्या. मी नवीन नळी आणली, बुडबुडे काढले, चष्मा पुसला आणि परत रेघ मारली. मग शंका नको म्हणून आणखी एकदा मारली. दोन्ही रेघा एकावर एक आल्या. निर्धास्त होऊन गेलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी पाणी ओतलं. पाणी दाराकडे आलं.

या वेळी प्रसादने सेट होतं का म्हणून विचारलं नाही. तो मोबाइल खिशात ठेवत म्हणाला, "सर, आईला लवकरच सोडतायत. मी तिला कुठे नेऊ? लॉजवर?"

"सॉरी," मी म्हणालो. "रेघ मीच चुकीची मारली असेल."

"दोनदा?"

"असेल. हल्ली चष्म्याचा नंबर बदललाय."

"मग नळी कशाला बदललीत?"

गुरुजी दारात उभे होते. त्यांनी तोंड उघडलं, परत मिटलं, आणि म्हणाले, "प्रसाद, माणसाला असं बोलू नये. चहा घ्या आहेरसाहेब."

मी चहा घेतला. त्या घरचा चहा मला दुप्पट टोचत होता, कारण मी त्यांचं काम बिघडवतोय आणि ते मला चहा देतायत.

त्या संध्याकाळी मी घरी आमच्याच बाथरूममध्ये नळी धरून बसलो. माझ्या हातात काही दोष आहे का ते बघायचं होतं. बायकोला नळीचं दुसरं टोक धरायला लावलं. आमच्या बाथरूमचा उतार बरोबर निघाला. तोही मीच केलेला. मी आणखी गोंधळलो.

"मग तुमचं काही चुकलेलं नाही," बायको म्हणाली.

"पण पाणी दाराकडे येतंय ना."

"येत असेल. तुम्ही बोलावलंय का त्याला?"

दुसऱ्या दिवशी बाकीच्या कामांवर फोन करून सांगितलं की आज येणार नाही. फरशी पुन्हा काढली होती. मी न्हाणीघराच्या दारात प्लास्टिकचा स्टूल टाकला आणि बसून राहिलो. ठरवलं, शेवटची टाइल बसेपर्यंत हलायचं नाही. प्रसाद बँकेत गेला होता. काशिनाथ सिमेंटचा माल कालवत होते.

गुरुजी एकदा चहा घेऊन आले. मग कप न्यायला आले. मग नुसतेच आले. "तुम्हाला दुसरी कामं नाहीत का आज?" त्यांनी विचारलं.

"नाही गुरुजी. आज हेच."

"नाही, आपलं बसून कंटाळाल. समोर बाहेर वारा आहे."

"बरं आहे इथे."

ते गेले नाहीत. काशिनाथांनी माल टाकला, दोरी हातात घेतली आणि थांबले. त्यांनी गुरुजींकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग परत गुरुजींकडे.

"मिस्त्री, इकडे बघा की," मी म्हणालो. "त्यांच्याकडे काय बघता?"

काशिनाथ म्हणाले, "साहेब, आज कोनचा ढाळ धरू? तुमचा का गुरुजींचा?"



"गुरुजींचा कोणता?" मी विचारलं.

"हा मोरीकडचा. गुरुजी बोलले, साहेबांशी बोलनं झालंय. म्हनून मी केला."

"अहो, मग पाणी दाराकडे आलं तेव्हा सांगायचंत की."

"सांगनारच व्हतो. पण तुम्ही लगेच बोलले, चूक माझी. मला वाटलं, प्रसादभाऊसमोर गुरुजींचं नाव नको म्हनून साहेब अंगावर घेतायत. मंग मी कशाला मधी तोंड घालू?"

"आणि दुसऱ्या वेळी?"

"दुसऱ्या वेळी गुरुजी परत बोलले, तेवढं राहू दे. तुम्ही आले तर बोलले, रेघ माझी चुकली. आता ज्याची रेघ तोच बोलतो चुकली, तर मी काय बोलनार?"

मी गुरुजींकडे पाहिलं. ते स्टुलाशेजारी जमिनीवरच बसले.

"मी सांगायला आलो होतो हो," ते म्हणाले. "दोन्ही वेळा. पण तुम्ही माझ्या आधीच कबूल केलंत. मला वाटलं, तुम्हाला कळलंय आणि तुम्ही मोठ्या मनाने पांघरूण घालताय. मग मी परत ते काढणं बरं दिसलं नसतं."

"पण मोरीकडे उतार कशाला? मोरी तर बंद केलीय. पाणी जाणार कुठे?"

"तुमचं काम संपलं की भोक पाडून घेणार होतो."

"कशासाठी?"

त्यांनी मागच्या दाराकडे बोट दाखवलं. अंगणात, भिंतीतल्या त्या जुन्या भोकाखाली अळू होता. कमरेएवढा, दाट. त्याच्या मागे केळीचे दोन खुंट.

"हिचा आहे," गुरुजी म्हणाले. "आमच्याकडे यजमानांचं जेवण असलं की पानं इथली, अळू इथला. लग्न होऊन आली तेव्हापासून न्हाणीघराचं पाणी त्यालाच जातं. वेगळं कधी घालावंच लागलं नाही. हॉस्पिटलात रोज पहिला प्रश्न तोच, अळूला पाणी घातलंत का? मी हो म्हणतो. कधी घालतो, कधी राहतं. खालची पानं पिवळी पडलीत. ती घरी येऊन पहिलं तेच बघणार."

"मला सांगायचंत."

"तुम्ही म्हणालात, मोरीचं काम नाही आता. तुम्ही शिकलेले. आणि प्रसादला सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, बाबा, आई चालेना झालीय आणि तुम्हाला अळू सुचतोय. बरोबरच म्हणाला असता."

मला त्यांच्यावर राग यायला हवा होता. आला नाही. उलट तोंडात परत सॉरी आलं होतं, ते गिळलं. आणि पहिल्यांदाच एक प्रश्न विचारला, जो मी पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता.

"गुरुजी, माई पडल्या त्या नक्की कुठे?"

त्यांनी दाराजवळच्या कोपऱ्याकडे पाहिलं. मोरीच्या कोपऱ्याकडे.

"इथे," ते म्हणाले.

मी त्यांना सांगितलं की भोक उघडं ठेवलं तरी आंघोळीचं सगळं पाणी, साबणासकट, दारासमोरून जाणार. जिथे वॉकर टेकणार तिथूनच. जुना ढाळही तसाच होता, म्हणून ती जागा कधी सुकायची नाही.

ते बराच वेळ फरशीच्या ओल्या मालाकडे बघत राहिले. "म्हणजे मी परत तिथेच..." एवढं म्हणाले आणि वाक्य सोडून दिलं.

"काशिनाथ, ढाळ जाळीकडे," मी म्हणालो.

"गुरुजी?" काशिनाथांनी विचारलं.

"जाळीकडे, बाबा. जाळीकडे."

अळूचं मात्र काहीतरी करायला हवं होतं. बेसिन मी दाराजवळच्या भिंतीवर घेतलं होतं, मोरीच्या भोकापासून हातभर अंतरावर. बेसिनचं पाणी पाइपने जाळीत सोडायचं ठरलं होतं. ते न करता पाइप त्या जुन्या भोकातून बाहेर काढला. पाइप आखूडच लागला. हातपाय, चूळ, दाढी, सगळं पाणी अळूला, आणि फरशीवर थेंब नाही.

"दाढीचा साबण चालेल का अळूला?" गुरुजींनी विचारलं.

"इतकी वर्षं आंघोळीचा चालला ना?"

"तो बरा असतो हो. दाढीचा प्रसाद कुठला वापरतो, त्याला वास फार."

संध्याकाळी प्रसाद आला. एरवी मी म्हणालो असतो की चूक सापडली, नळी खराब होती. गुरुजी माझ्याकडे बघतही होते. मी म्हणालो, "गुरुजी, तुम्ही सांगा." त्यांनी सांगितलं. सगळं, अळूपासून.

प्रसादने बॅग खाली ठेवली. मग वडिलांना म्हणाला, "मी घातलं असतं की पाणी." आणि मग माझ्याकडे वळून, "आणि सर, तुम्ही दोन्ही वेळा सॉरी कशाबद्दल म्हणत होतात?"

खरंच, कशाबद्दल? मी विचार करतो म्हणालो.

माल वाळल्यावर बादली ओतली. पाणी सरळ जाळीत गेलं. काशिनाथांनी परत एकदा ओतून बघितलं, नुसतं बघायला बरं वाटत होतं म्हणून.

माई ठरल्या दिवशी घरी आल्या. मी दांड्यांचे स्क्रू तपासायला म्हणून मुद्दाम गेलो होतो. त्या वॉकर टेकत टेकत आत आल्या, दांडा धरला, फरशीवर पाय घासून बघितला. कोरडी होती. मागच्या दारातून अळू बघितला. मग बेसिनसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "छान झालंय. फक्त हे एवढं उंच कशाला लावलं? मला वाकून नाही, चढून तोंड धुवावं लागेल."

मी प्रसादच्या उंचीने माप घेतलं होतं. पाइप बदलायच्या गडबडीत माईंची उंची विचारायची राहून गेली होती.

ही चूक शंभर टक्के माझी होती. मी तपासून खात्री केली आणि मगच सॉरी म्हणालो. बेसिन त्याच दिवशी खाली घेतलं.

आता पाणी चुकीच्या दिशेला जाताना दिसलं की मी आधी घरातल्या प्रत्येकाला विचारतो, मधे कोणी मिस्त्रीला काही सांगितलं का. माफी त्यानंतर. चूक माझी असेल तर ती कुठे पळून जात नाही, थोड्या वेळाने माफी मागितली तरी चालते. पण मी आधीच मागून टाकली, की खरं सांगायला आलेला माणूस परत जातो.